फोल्डर उघडण्यापूर्वी खबरदार

१ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ९.
आजपासून नवीन आयुष्य. रोज लिहिणार, आवाज चढवणार नाही, आणि नागपूरच्या कंपनीचं काम वेळेत पूर्ण करणार. माझा स्वभाव मुळात शांत आहे. लोकांना ते कळत नाही हा लोकांचा प्रॉब्लेम.

काम असं आहे. कंपनीने एक टूल बनवलंय, नाव लिस्ट-डिर. कॉम्प्युटरच्या एखाद्या फोल्डरमध्ये काय काय आहे त्याची यादी ते दाखवतं. बस्स. काही बदलत नाही, काही पुसत नाही. त्याचं डॉक्युमेंटेशन मी लिहायचं. गंमत म्हणजे ते वाचणारा माणूस नाही, एआय एजंट आहे. एजंट म्हणजे आपण काम सांगायचं आणि त्याने आपल्या डोक्याने योग्य ते टूल उचलून ते करून टाकायचं. या टूलची ओळख त्याला फक्त माझ्या शब्दांतून होणार. मी सांगेन तेवढंच त्याचं जग. एवढी सत्ता पांढुर्ण्यात आजवर कुणाला मिळाली नसेल.

ट्रायल महिनाभराचं. पास झालो की पर्मनंट. पर्मनंट झालो की डिंपल परत येईल. बायको माझी दोन महिन्यांपासून माहेरी, सावरगावला आहे, म्हणजे जाम नदीच्या पलीकडे. आमच्या गच्चीवरून तिच्या बापाच्या घराची गच्ची दिसते. कारण काय, तर मिक्सर. मिक्सर माझ्या हातून निसटला आणि भिंतीपर्यंत गेला. ती भिंतीच्या अलीकडे उभी होती यात माझा काय दोष? तिच्या अंगाला मी आजवर बोट लावलेलं नाही. हे मी सासऱ्यांना, यशवंतरावांना, छातीठोक सांगितलं. ते म्हणाले, "जावईबापू, तुमी नाई लावलं, पन पोरगी भेली ना. पोळ्यापर्यंत नोकरी पक्की करा, हात आवरा, मंग पाठवतो." आवरायला हात सुटलेत कुठे? पण मी वाद घातला नाही. शांत स्वभाव.

२ ऑगस्ट, शनिवार.
पहिला ड्राफ्ट पाठवला. फोल्डर म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. कोचिंग क्लासमध्ये अकरा वर्षं इंग्रजी शिकवलंय, पाया पक्का हवा. (क्लास मीच सोडला. डस्टर फळ्याकडे फेकला होता, पोरगं मध्ये आलं.)

उर्वशी मॅडम माझ्या बॉस. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढ्या. लिहितात, "हेमराज सर, एजंटला एवढं नको. टूल काय करतं, कधी वापरायचं, काय परत मिळतं, चुकलं तर पुढे काय. साधी वाक्यं." माझी वाक्यं साधी करायला कुणी सांगितलेलं नाही अजून.

शांतपणे घेतलं. कीबोर्डची स्पेसबार तुटली, पण मालच हलका होता. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय फुटलं बापा?" मी म्हटलं काही नाही. तिने परत विचारलं नाही. समजूतदार बाई.

४ ऑगस्ट, सोमवार.
माझा ड्राफ्ट एजंटला दिला आणि टेस्ट घेतली. प्रश्न एवढाच की अमुक फोल्डरमध्ये कालची फाइल कोणती. पठ्ठ्याने टूल घेतलं आणि अख्ख्या कॉम्प्युटरची यादी मागितली, फोल्डरमधला फोल्डर, त्याच्या आतला फोल्डर, पार तळापर्यंत. इतकी नावं आली की मूळ प्रश्नच विसरला. उत्तर दिलं, "आपल्याकडे भरपूर फाइली आहेत."

मॅडम म्हणतात, चूक डॉक्युमेंटेशनची. किती खोल जायचं ते मी लिहिलंच नव्हतं. "माहीत नसेल तर एकच पातळी पाहा" एवढं वाक्य टाका म्हणे.

मी त्याला ओळखून आहे. शेवटच्या बाकावर बसून सगळं समजून न समजल्यासारखं करणारी पोरं मी अकरा वर्षं पाहिलीत. त्यांना वाक्य लागत नाही, धाक लागतो. डोकं सटकलं. भिंतीवर एक ठोसा मारला. भिंतीला काही झालं नाही, बोटं सुजली आहेत. आजचं टायपिंग डाव्या हाताने.

डाव्या हाताने लिहिलं: "खबरदार! सांगितल्यापेक्षा एक पातळी जरी खाली गेलास तर याद राख."

७ ऑगस्ट, गुरुवार.
विजय! टेस्टमध्ये एजंटने एकच पातळी पाहिली आणि तो तिथेच थांबला. मॅडमनी लिहिलं, "छान, पण भाषा जरा मऊ करा." मऊ भाषेने काय होतं ते चार तारखेला पाहिलंच आहे. मी "हो मॅडम" म्हटलं आणि तीन खबरदार वाढवले. लपवलेल्या फाइली मागायच्या नाहीत, खबरदार. न विचारता दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकवायचं नाही, हात तोडीन. यादी लांब झाली तर स्वतःच्या जबाबदारीवर.

एजंटला हात नाहीत, हे मला माहीत आहे. मुद्दा भावनेचा आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार.
शेजारी राजू. त्याची संत्र्याची पिकअप रोज आमच्या दारासमोर लागते. आज ठरवलं, एकदा समजुतीने बोलायचं. गेलो. समजुतीने बोललो. तो म्हणाला, "रस्ता काय तुह्या बापाचा हाय का?" वडील वारून सहा वर्षं झाली, त्यांचं नाव मध्ये आणायचं कारण नव्हतं. पुढे काय झालं नीट आठवत नाही. त्याचा एक दात पिकअपच्या बोनेटवर होता आणि माझा शर्ट फाटलेला होता, म्हणजे सुरुवात त्याने केली असणार. त्याच्या बायकोने मला वरवंटा दाखवला. आईने मधे पडून मला घरात ओढलं, त्यात तिचा हात मुरगळला. मी तिला म्हटलं, कशाला मधे पडतेस.

संध्याकाळी "खबरदार" मोजून पाहिले. अजून जागा आहे.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.
सासुरवाडीला गेलो. पेढे घेतले होते. मेहुणा अक्षय ओट्यावर राखी बांधून बसला होता. तो गोटमारीत, म्हणजे पोळ्यानंतरच्या नदीवरच्या दगडफेकीत, जखमी उचलणाऱ्या पोरांच्या टोळीत आहे, नारिंगी जॅकेट घालतो, आणि स्वतःला डॉक्टर समजतो. माझी सुजलेली बोटं पाहून म्हणाला, "जिजाजी, आता कोनाले मारलं?" सगळ्यांसमोर. मी म्हटलं भिंतीला. तो हसला. हात शिवशिवले, पण मी फक्त त्याची कॉलर धरली. त्याने मला ओट्यावरून खाली ढकललं. पेढ्यांचा बॉक्स माझ्या अंगाखाली आला.

डिंपल दाराआड होती. बाहेर आली, बॉक्स उचलला आणि मला विचारलं, "उघडू का?" स्वतःच्याच घरात, पेढ्यांचा चपटा बॉक्स! मला भरून आलं. दोन महिने लांब राहूनही नवऱ्याला विचारल्याशिवाय काही करत नाही. संस्कार म्हणतात ते हे. "उघड" म्हणालो. यशवंतराव तिच्याकडे पाहत होते, पेढ्याकडे नाही. का ते कळलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार.
एजंट आता विचारल्याशिवाय टूलला हात लावत नाही. "मी या फोल्डरची यादी पाहू का?" हो म्हटलं की परत, "नक्की पाहू का?" मॅडम वैतागल्या. म्हणतात, काम लांबतंय, आणि हे टूल काही बिघडवूच शकत नाही, बघायला परवानगी कशाला? मला मात्र समाधान वाटलं. शिस्त अशी मुरते.

घरातही फरक आहे. आईने आज विचारलं, "पंखा लावू का?" काल विचारलं होतं, "खोकू का?" म्हणजे असं नाही विचारलं, पण तोंडावर पदर धरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खोक.

१४ ऑगस्ट, गुरुवार.
मॅडम म्हणाल्या एक उदाहरण टाका, एजंट उदाहरणातून लवकर शिकतो. उदाहरणासाठी मला लांब जायची गरज नाही. दोन फोल्डर घेतले. एकाचं नाव पांढुर्णा, दुसऱ्याचं सावरगाव. मधे नदी. मग गोटमार समजावली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवतात, झाडाला झेंडा, आणि दोन काठांवरून आम्ही एकमेकांवर दगड मारतो, जो झेंडा आणेल तो जिंकला. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, डोकी फुटतात, संध्याकाळी सगळे चंडीमातेच्या देवळात. असं सगळं सांगून खाली नियम लिहिला: "पांढुर्ण्याने सावरगावचा फोल्डर उघडू नये. उघडल्यास दगड पडतात."

वाचून मलाच धडकी भरली. उत्तम लेखनाची हीच खूण.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
झेंडावंदनाहून येताना राजूने आठ तारखेचं उत्तर दिलं. विटेने. खांद्यावर बसली. मी त्याचा गळा धरला, त्याने माझा अंगठा चावला, आजूबाजूचे लोक "भारत माता की जय" म्हणत आम्हाला सोडवत होते. मी काहीही केलेलं नाही हे इथे नोंदवून ठेवतो. अंगठ्यावर दाताचे वळ आहेत. एक दात कमी असल्याने वळातही फट आहे.

२० ऑगस्ट, बुधवार.
मॅडमनी कळस केला. माझं डॉक्युमेंटेशन स्वतः साफ केलं! खबरदार गेले, हात तोडणं गेलं, गोटमार गेली. पान अर्धं उरलं. लिहितात, "सर, राग मानू नका. एजंटला आपला आवाज ऐकू येत नाही, फक्त अर्थ जातो. आणि तुमच्या वाक्यांचा अर्थ निघतो की बघणं धोक्याचं आहे." सोमवारी बंगलोरच्या क्लायंटपुढे डेमो आहे. तो झाला की माझं पर्मनंट. मॅडम पोळ्यासाठी गावी चालल्या.

राग मानला नाही. खुर्चीचा हात निघाला, तो आधीपासून ढिला होता.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.
सासऱ्यांकडे जेवायला बोलावलं. पुरणपोळी. अक्षयने मला वाढलं, मी खाल्लं, दोघांनीही एकमेकांना हात लावला नाही. याची साक्ष पूर्ण घर देईल.

निघताना डिंपल फाटकापर्यंत आली. राखीनंतर पहिल्यांदा समोर उभी राहून बोलली. "उद्या नदीवर येऊ नोका. येवढंच करा. गोटा हातात नका घेऊ, मी सोमवारी घरी येते." बोलताना तिचा हात फाटकाच्या कडीवर होता. मी म्हटलं, वचन. ती हसली नाही, पण मान हलवली. येताना पुलावरून मी गाणं म्हणत आलो. खरंच सांगतो, ती आली तर मी कुणाशी वर मान करून बोलणार नाही. घर खायला उठतं. आई बोलत नाही हल्ली, मिक्सरही नवीन आणून ठेवला आहे, त्यात कुणी काही वाटत नाही.

घरी येऊन वाटलं, सोमवारचा डेमो इतका महत्त्वाचा आणि तो त्या अर्ध्या मऊ पानावर सोडायचा? एजंट परत तळापर्यंत गेला आणि सगळं गडबडलं, तर डिंपलचं येणं त्याच्याबरोबर गेलं. मॅडम गावी आहेत. माझं जुनं पान परत चढवलं. धाक पूर्ववत.

२३ ऑगस्ट, शनिवार. गोटमार.

सकाळी ९. दार लावलं. आईला सांगितलं आज मी घरातच. ती म्हणाली, "बरं." चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही, पण तिची नजर कमजोर आहे.

१०.३०. ढोल सुरू. झाड रोवलं असणार. मी लॅपटॉपसमोर.

११.१५. गच्चीवर आलो आहे. फक्त पाहायला. लिस्ट-डिरसुद्धा फक्त पाहतंच. पाहण्याने वचन मोडत नाही.

१२. गच्चीवरून झाड दिसत नाही, नुसतं "मार, मार" ऐकू येतं. माझ्या उदाहरणात दगड पडतात असं लिहिलंय, ते बरोबर आहे का ते प्रत्यक्ष तपासलं पाहिजे. लेखकाची जबाबदारी असते. काठापर्यंत जाऊन येतो.

संध्याकाळी, सरकारी दवाखाना. डाव्या हाताने लिहीत आहे.
काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. दगड असे येत होते की आभाळाकडे तोंड करून उभं राहायचं, खाली पाहिलं की संपलं. माझ्या शेजारच्या माणसाचा जबडा फुटला, त्याने रक्त आणि दात माझ्या चपलेवर थुंकले आणि परत दगड उचलायला वाकला. एकाची भुवई उघडली, आतलं पांढरं दिसत होतं, आणि तो हसत होता. झाड तोडायला कुऱ्हाड घेऊन निघालेल्या पोराला पाण्यात पडल्यावरही दगड बसत होते. मी हात खिशात घालून उभा होतो. मग पाहिलं तर हात खिशात नव्हता. हातात दगड होता. कुठून आला माहीत नाही, बहुधा कुणी दिला.

मी झाडाकडे मारला. झेंड्यावर नेम होता, देव साक्षी आहे. पलीकडच्या काठावर नारिंगी जॅकेटवाले एकाला स्ट्रेचरवर नेत होते. पुढची बाजू अक्षयने धरली होती. दगड त्याच्या कानावर बसला. त्याने स्ट्रेचर सोडलं नाही, आधी खाली ठेवलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग बसला. नदी एवढी रुंद नाही. ओळखू आलो त्याला.

मी "चुकून!" असं ओरडणार तेवढ्यात माझ्या डोक्यात दगड बसला. सावरगाववाल्यांचा नेम अजब आहे. तोंड त्यांच्याकडे, आणि दगड टाळूच्या मागच्या बाजूला. पडताना शेवटचं दिसलं ते राजूचं तोंड, माझ्या मागेच उभा होता. मदतीलाच आला असावा. धीर द्यायला हसतही होता. शेजारी शेवटी शेजारीच.

२४ ऑगस्ट, रविवार. दवाखाना.
डोक्याला टाके. मनगट सुजलंय, पडताना अंगाखाली आलं. अक्षय याच वॉर्डात आहे. कानाचा वरचा भाग फाटला होता तो शिवलाय, त्या बाजूने ऐकू येईल की नाही ते डॉक्टर आठवड्याने सांगतील.

डिंपल आली. मी हात वर केला. ती माझ्या कॉटवरून पुढे गेली आणि अक्षयजवळ बसली. साहजिक आहे, त्याला जास्त लागलंय. बराच वेळ त्याच्या न दुखणाऱ्या कानाशी बोलत होती.

यशवंतराव माझ्यापाशी आले. उभेच राहिले. म्हणाले, "कोणाचा गोटा कोणाले लागला, ते नदीवरून घरी आल्यावर कोणी पुसत नाई. आपली रीत हाय. म्या बी पुसत नाई. पन डिंपल गच्चीवर उभी होती, जावईबापू. तिनं पायलं." एवढं बोलून गेले. म्हणजे रीतीप्रमाणे माफ झालं. उद्या सोमवार, डिंपल येणार. डेमोसाठी दवाखान्यातून सुट्टी करून घेतली आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार. दुपारी.
डेमो ११ ला होता. डोक्याला पट्टी बांधून व्हिडिओवर बसलो. बंगलोरचा क्लायंट मोठा सज्जन माणूस. त्याने एजंटला विचारलं, बिलांच्या फोल्डरमध्ये काय आहे.

एजंट म्हणाला, पाहण्याआधी परवानगी हवी. क्लायंटने दिली. एजंट म्हणाला, नक्की ना, कारण आत पाहिल्यास दगड पडू शकतात, कृपया जवळ कोणी उभं नसल्याची खात्री करा. क्लायंट हसला. परत परवानगी दिली. एजंट म्हणाला, "मी न पाहताच सांगतो. आत सगळं ठीक असावं."

क्लायंट हसायचा थांबला. मॅडमनी एजंटलाच विचारलं, टूल आहे, परवानगी आहे, मग का पाहत नाहीस? त्याचं उत्तर स्क्रीनवर आलं: "मला मिळालेल्या माहितीनुसार इथे बघणं ही चूक समजली जाते आणि चुकीला इजा होते. नेमकी कोणती गोष्ट चूक ठरेल ते आधी कळत नाही. म्हणून काहीच न बघणं सर्वांत सुरक्षित वाटतं."

मग मॅडमनी माझं पान सगळ्यांसमोर उघडलं आणि मोठ्याने वाचलं. "याद राख." "हात तोडीन." मी लिहिताना ती वाक्यं वेगळी वाटली होती. बाईच्या आवाजात, सावकाश वाचली की वेगळी वाटतात. वाचताना त्या दोनदा थांबल्या. क्लायंटने विचारलं, हे कुणी लिहिलं? माझी पट्टी सगळ्यांना दिसत होती.

एजंट फार नाजूक निघाला. आजकालची यंत्रं.

सायंकाळी ५. मॅडमचा फोन आला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाल्या, "सर, तुमचं ट्रायल इथेच थांबवतो आहोत. काळजी घ्या." डिंपल अजून आलेली नाही. पुलावर गर्दी असेल.

सायंकाळी ७. पुलावर जाऊन पाहिलं. गर्दी नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार.
डिंपल आली! यशवंतरावांबरोबर, रिकामी बॅग घेऊन. मी नवीन मिक्सर दाखवला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. बेडरूममध्ये गेली, कपाटासमोर उभी राहिली, आणि मला विचारलं, "उघडू?" मी म्हटलं तुझंच कपाट, विचारतेस काय. ती म्हणाली, "सवय लागली." यशवंतराव तोंड फिरवून भिंतीकडे पाहू लागले. मिक्सरची खूण तिथे अजून आहे.

तिने साड्या काढल्या, मार्कशीटची फाइल काढली, आईने दिलेली पैंजणं काढली. मी म्हटलं, अक्षयचं मी मुद्दाम केलं नाही. ती म्हणाली, "तुमी कधीच मुद्दाम करत नाई. मिक्सरबी नाई, राजूबी नाई. मी तीन वर्ष हेच पायत होती, आज काय केलं तर यांच्या हातून चुकून काई होनार नाई." आवाज चढवला नाही. मला वाटतं इतकं मोठं वाक्य ती या घरात पहिल्यांदाच बोलली.

माझं डोकं सटकलं. हात उचलला की नाही आठवत नाही. दुखरा हात आहे, उचलला असता तर कळलं असतं. पण तिने बॅग छातीशी धरली आणि डोळे मिटले. मारलं नव्हतं मी. नुसता हात हवेत होता. यशवंतराव मधे आले, मला ढकललं नाही, फक्त मधे उभे राहिले, वयस्क माणूस, लुंगीवर. मी हात खाली घेतला.

ते निघाले तेव्हा आईही पिशवी घेऊन बाहेर आली. माझी बहीण सुधा मोहगावला असते. "सुधाकडं चालली मी," म्हणाली. जाऊ का, असं म्हणाली नाही. किती दिवस, तेही सांगितलं नाही. मी थांब म्हटलं. तिने ऐकलं असणार, नजर कमजोर आहे, कान नाहीत.

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी.
कंपनीच्या ग्रुपमधून मला काढायचं राहून गेलंय. मॅडमनी नवीन डॉक्युमेंटेशन टाकलं आहे. एवढंच: "फोल्डरमध्ये काय आहे हे हवं असेल तेव्हा हे टूल वापरा. ते फक्त दाखवतं, काही बदलत नाही. किती खोल जायचं माहीत नसेल तर एक पातळी पुरे. नाव चुकलं तर एरर येईल. काही बिघडत नाही, परत प्रयत्न करा." खाली लिहिलंय, सगळ्या टेस्ट पास. त्यात दोष काढायला बसलो होतो. तासभर बसलो. काढता आला नाही.

चहा करायला उठलो. चहापत्ती कुठे असते मला माहीत नाही. फळीवर सारखेच स्टीलचे डबे आहेत, एकावरही काही लिहिलेलं नाही. आईला फोन केला, सुधाने उचलला, आई झोपली आहे म्हणाली. मागे आईचा आवाज येत होता, कशाला तरी मोठ्याने हसत होती. आई हसते हे मी विसरलो होतो.

मग डिंपलला केला. यशवंतरावांनी उचलला. मी म्हटलं, मामंजी, काही भांडायचं नाही, चहापत्ती कोणत्या डब्यात आहे एवढंच तिला विचारा. ते फोन धरून आत गेले. मग म्हणाले, "ते म्हणते, डबे उघडून पाहा. तुमच्यावर कोणी ओरडणार नाई."

फोन ठेवला. दोन डबे उघडले, एकात हळद होती, एकात मीठ. तिसऱ्याला हात लावला आणि ओट्यापाशी उभा राहून रडलो. मला कुणी तरी घरात हवं आहे. डबा उघडला नाही अजून.